छातीत दुखलं नाही, तरी हृदयाला इजा कशी झाली?

तुमची हकीकत आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. आई ७४ वर्षांची, राजापूर तालुक्यातल्या वाडीत राहणारी, मधुमेह आणि बीपी दोन्ही. श्रावणात मागीलदारच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दोन दिवस घरीच तेल आणि लेप झाले. मग कोल्हापूरला न्यायचं की मुंबईला यावर एक दिवस गेला. दवाखान्यात पोचल्यावर फिटनेससाठी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) होईपर्यंत आणखी दोन दिवस. ऑपरेशन झालं सहाव्या दिवशी. त्यानंतर दुसऱ्या दिवशी केलेलं ट्रोपोनिन (हृदयाच्या पेशींना इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) वाढलेलं आलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाला इजा झाली आहे. आईच्या छातीत मात्र एकदाही दुखलं नव्हतं. तुम्ही विचारता, एको चांगला होता, फिटनेसचा कागद होता, मग हे झालं कसं आणि टाळता आलं असतं का? वडिलांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आहे आणि त्यांना गेल्या शिमग्याच्या सुमारास झटका येऊन स्टेंट बसला आहे. त्यांच्या बाबतीत काय करायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न.

मी भूल देणारा डॉक्टर. सत्तावीस वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान-मोठ्या थिएटरांत हेच काम करतो आहे. आई आता घरी आहे, वॉकर धरून ओटीपर्यंत येते, हे वाचून बरं वाटलं. म्हणूनच सगळं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या आईसारखं पुष्कळांचं होतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘व्हिजन’ नावाचा मोठा अभ्यास झाला. हृदयाखेरीज दुसऱ्या कुठल्याही ऑपरेशनसाठी दाखल झालेल्या ४५ वर्षांवरच्या रुग्णांचं ट्रोपोनिन ऑपरेशननंतर ठरवून तपासलं गेलं. त्यात भारतातली रुग्णालयंही होती. २०१४ साली आलेल्या निष्कर्षांत १५,००० हून अधिक रुग्णांपैकी सुमारे ८ टक्क्यांच्या हृदयाला अशी इजा झालेली दिसली. इजा झालेल्यांपैकी दहातल्या आठांहून अधिक जणांना छातीत दुखणं, दम लागणं असं काहीही जाणवलं नव्हतं. तपासलं नसतं तर कोणाला कळलंच नसतं. आणि ही इजा क्षुल्लक नाही. महिन्याभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण इजा झालेल्यांत ९.८ टक्के होतं, न झालेल्यांत १.१ टक्के. हे आकडे तुम्हाला घाबरवायला देत नाही. तुमच्या डॉक्टरांनी काहीही तक्रार नसताना ट्रोपोनिन केलं हे फार चांगलं केलं, हे तुम्हाला कळावं म्हणून देतो आहे. आपल्याकडे ही तपासणी अजून फार ठिकाणी होत नाही.

दुखत का नाही? ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस माणूस दुखणं मारणाऱ्या औषधांवर असतो, अर्धवट झोपेत असतो. मधुमेह जुना असेल तर हृदयाकडून येणाऱ्या वेदनेची जाणीव आधीच बोथट झालेली असते. जखम दुखत असते, त्यात छातीतला दडपा हरवून जातो. आणि नेमक्या याच दोन-तीन दिवसांत बहुतेक इजा होतात. थिएटरमधून रुग्ण बाहेर आला की नातेवाईक हात जोडतात, सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. माझी खरी काळजी तिथून सुरू होते.

आता इजा होते कशी, ते सांगतो. हॉलमध्ये बसून टीव्ही बघताना येणारा झटका बहुधा रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी बसल्याने येतो. ऑपरेशननंतर तसंही होऊ शकतं, पण पुष्कळदा प्रकार वेगळा असतो. तुम्ही बागायतदाराच्या घरातले आहात, म्हणून पाटाच्या पाण्याचं उदाहरण देतो. आगरात पोफळींना पाटाने शिपणं चालू आहे. पाट एके ठिकाणी गाळाने अरुंद झाला आहे, तरी पाणी सावकाश वाहत राहिलं तर आळं भरतं. पण विहिरीलाच पाणी कमी असेल, किंवा आळं भरायच्या आत पाट दुसरीकडे फिरवला, तर शेवटची पोफळ कोरडी राहते. हृदयाच्या डाव्या कप्प्याला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधे, हृदय सैल पडलेलं असताना. नाडी ७० वरून १२० वर गेली की हा मधला वेळच आखूड होतो. हृदयाचं काम वाढतं आणि त्याचं खाणं कमी होतं. त्यात बीपी खाली गेलं, हिमोग्लोबिन उतरलं, ऑक्सिजन कमी पडला की अरुंद वाहिनीपलीकडचा स्नायू उपाशी पडतो. तासन्‌तास असं चाललं की पेशी मरतात आणि ट्रोपोनिन रक्तात उतरतं.

हे एकदा लक्षात आलं की फिटनेसच्या कागदाने आईला का वाचवलं नाही ते कळेल. टूडी एको हा हृदय स्वस्थ असतानाचा फोटो आहे. पंप किती जोराने चालतो, झडपा कशा आहेत, एवढं तो सांगतो. वाहिन्या किती अरुंद आहेत ते सांगत नाही, आणि परवा रात्री दोन वाजता बीपी ८० पर्यंत उतरणार आहे हे तर कोणीच सांगू शकत नाही. मी एकोच्या विरोधात नाही. स्टेथोस्कोपला झडपेचा आवाज ऐकू आला, रुग्णाला दम लागत असेल, पाय सुजत असतील, तर एको हवाच. महाधमनीची झडप आकसलेली असेल तर माझी भूल देण्याची सगळी पद्धत बदलते. म्हणून पडलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मी एक प्रश्न विचारतो: पाय घसरला, की आधी चक्कर आली? चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या हृदयाकडे जास्त बारकाईने बघावं लागतं. पण तुमच्या आईसारखं शेवाळावरून घसरणं स्पष्ट असेल, छाती ऐकून काही वावगं नसेल, तर केवळ एकोसाठी दोन दिवस थांबणं मला पटत नाही.

खुब्याचं हाड मोडलेलं असताना वाट बघणं हाच हृदयावरचा ताण असतो. दुखण्याने नाडी वाढलेली, मांडीत आतल्या आत रक्त साठून हिमोग्लोबिन उतरलेलं. आणखी एक गोष्ट वर्षानुवर्षं बघतो आहे. आपल्या आया-आज्या बेडपॅन नको म्हणून पाणीच पीत नाहीत. “कुणाला त्रास नको” म्हणतात आणि पेजेचे दोन घोट घेऊन पडून राहतात. तिसऱ्या दिवशी जीभ कोरडी, लघवी गडद, मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं. अशा कोरड्या शरीराला भूल दिली की बीपी कोसळतं. त्यातच सिमेंट वापरून सांधा बसवायचा असेल तर सिमेंट भरताना आणखी एक झोका बसतो. हृदयाची इजा थिएटरमध्ये झाली असं आपण म्हणतो, पण तिची तयारी पडवीतल्या खाटेवर झालेली असते.

किती लवकर ऑपरेशन करावं, यावर २०२० साली १७ देशांतल्या २,९७० रुग्णांचा एक अभ्यास आला. त्यातही भारत होता. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत केलं, दुसऱ्याचं साधारण २४ तासांत. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही, पण लवकर ऑपरेशन झालेल्यांत भ्रम होण्याचं प्रमाण कमी होतं, ते लवकर उभे राहिले, लवकर घरी गेले. यात नीट पाहण्यासारखं हे की ‘उशिराचा’ गटसुद्धा २४ तासांचा होता. आपल्याकडे सहावा दिवस उजाडतो. वाडीतून घाटी उतरून चादरीत घालून रस्त्यापर्यंत आणायचं, पावसात गाडी मिळवायची, हे मला माहीत आहे, आणि ६ तासांचा हट्ट मी कोणाकडे धरणार नाही. पण ४८ तासांच्या आत हाड बसवलं जावं, हा आग्रह मी हात जोडून धरतो. घरी तेल आणि लेपात गेलेले दोन दिवस आणि मुंबई की कोल्हापूर हे ठरवण्यात गेलेला एक दिवस आपल्या हातातले होते. जवळ जिथे हाडाचा डॉक्टर, भूल देणारा आणि रक्ताची सोय आहे, तिथे लगेच जाणं हे लांबच्या मोठ्या नावापेक्षा बहुतेक वेळा हिताचं ठरतं. तुम्ही त्या वेळी मुंबईत होता, फोनवरून निर्णय घेत होता. हे दोष म्हणून लिहीत नाही. पुढच्या वेळी कोणाच्या तरी आईसाठी उपयोगी पडावं म्हणून लिहितो.

क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ करणारं औषध चालू होतं म्हणून पाच दिवस थांबलो, असंही पुष्कळ जण सांगतात. ठरवून करायच्या ऑपरेशनला ते बरोबर आहे. खुब्याच्या फ्रॅक्चरला नाही. त्या औषधावर कमरेतून भूल देता येत नाही हे खरं, पण पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करता येतं. ‘कमरेतली भूल म्हणजे हृदयाला सुरक्षित’ ही आपल्याकडची ठाम समजूत आहे. २०२१ साली खुब्याच्या १,६०० रुग्णांवर दोन्ही प्रकारची तुलना प्रसिद्ध झाली. ६० दिवसांनंतर मृत्यू किंवा चालता न येणं, यात फरक आढळला नाही. भूल कुठली यापेक्षा त्या दोन तासांत बीपी आणि नाडी कशी सांभाळली, हे मला महत्त्वाचं वाटतं. सरासरी बीपी (वरच्या आणि खालच्या आकड्यांवरून काढलेलं) ६५ च्या खाली जास्त वेळ राहिलं की हृदय आणि मूत्रपिंड दोघांच्याही इजेचं प्रमाण वाढलेलं दिसतं. म्हणून माझे डोळे त्या आकड्यावरून हलत नाहीत.

आता एक गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची. साधारण दोन हजार सालच्या सुमारास आम्हाला शिकवलं गेलं होतं की नाडी हळू ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सुरू केल्या की हृदय वाचतं. तर्क बिनचूक वाटतो, वरचं पाटाचं उदाहरण आठवून बघा. मीही कित्येकांना त्या दिल्या. २००८ साली ‘पॉइज’ या ८,३५१ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ऑपरेशनच्या काही तास आधी मेटोप्रोलॉल हा बीटा-ब्लॉकर सुरू केलेल्यांत झटके खरोखरच कमी झाले, दर हजारी सुमारे १५ टळले. पण त्याच हजारांत सुमारे ८ मृत्यू जास्त झाले आणि ५ जणांना जास्तीचा पक्षाघात झाला. बीपी पडत होतं आणि रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर शरीराला नाडी वाढवून स्वतःला सावरता येत नव्हतं. ते वाचल्यावर एका आजोबांचं ऑपरेशन माझ्या डोळ्यांसमोर आलं. ऑपरेशननंतर रात्रभर त्यांचं बीपी ९० च्या वर येईना आणि नाडी मात्र शांत ६० होती. आम्ही नाडी बघून निर्धास्त राहिलो होतो. पहाटे कळलं की पोटात रक्त साठत होतं. ते वाचले, पण त्या रात्रीची बोच अजून गेलेली नाही. तेव्हापासून माझा नियम असा: बीटा-ब्लॉकर आधीपासून चालू असेल तर ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घ्यायचा, मुळीच बंद करायचा नाही. चालू नसेल तर ऑपरेशनच्या तोंडावर सुरू करायचा नाही. आणि ऑपरेशननंतर नाडी वाढली तर ती दाबायच्या आधी कारण शोधायचं: दुखतं आहे का, रक्त जातं आहे का, पाणी कमी पडलं का, ताप आहे का, ऑक्सिजन उतरला का, लघवी तुंबली आहे का.

ॲस्पिरिनचंही तसंच झालं. २०१४ साली १०,०१० रुग्णांवरचा अभ्यास आला. ऑपरेशनच्या वेळी ॲस्पिरिन दिल्याने झटके किंवा मृत्यू कमी झाले नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र वाढला, ३.८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर. त्यामुळे ‘वय झालं म्हणून’ घेतलं जाणारं ॲस्पिरिन ऑपरेशनपूर्वी थांबवलं तरी चालतं. पण स्टेंट असलेल्या माणसाचा हिशेब वेगळा. त्याचं ॲस्पिरिन, मेंदूच्या ऑपरेशनसारखा अपवाद सोडला तर, चालू ठेवायचं असतं.

इथून वडिलांकडे वळतो.

त्यांना शिमग्यात झटका आला आणि औषधी स्टेंट बसला. दिवाळीनंतर म्हणजे जेमतेम आठ-नऊ महिने होतात. झटका येऊन स्टेंट बसलेल्या माणसाचं घाईचं नसलेलं ऑपरेशन शक्यतो एक वर्षानंतर करावं, असं आजची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. झटका न येता केवळ अँजायनासाठी (श्रमाने छातीत दुखण्यासाठी) स्टेंट बसला असता तर सहा महिन्यांनी चाललं असतं. कर्करोगासारखं थांबता न येणारं ऑपरेशन असतं तर तीन महिन्यांनंतरही धोका पत्करून केलं असतं. गुडघा थांबू शकतो. वडिलांना मोहराच्या आधी उभं राहायचं आहे, फवारणीला कलमांखाली फिरायचं आहे, हे तुम्ही लिहिलं आहे आणि त्यांचा जीव बागेत आहे हे मला दिसतं. तरीही माझं स्पष्ट मत आहे की दिवाळीनंतरची तारीख रद्द करा. शिमगा येईल तेव्हा वर्ष पुरं होईल, पण तेव्हा आंबा तोंडावर असेल आणि ते दवाखान्यात थांबणार नाहीत. आंबा उतरल्यावर, जूनमध्ये करा. पावसाळ्याचे महिने व्यायामाला आणि गुडघा वाकवायला मोकळे मिळतील. फक्त मागीलदारच्या त्या पायऱ्या आधी घासून घ्या आणि तिथे धरायला दांडा बसवा.

दोन्ही गुडघे एकदम करायचं ठरलं आहे, असंही लिहिलं आहे. हृदयाला झटका आलेल्या माणसात मी याला तयार होत नाही. रक्तस्राव दुप्पट, वेदना दुप्पट, हृदयावरचा ताण त्याच मापात. एक गुडघा करा, तो चालता झाला की दुसरा. खर्च आणि दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात हे मान्य आहे. तरीही माझ्या वडिलांना मी हेच सांगितलं असतं.

तुम्ही पाठवलेल्या गोळ्यांच्या यादीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण ऑपरेशनच्या आधीचे बहुतेक घोटाळे इथेच होतात. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. वडिलांच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल एकत्र आहेत. टेल्मिसार्टनमुळे भुलेखाली बीपी फार उतरू शकतं, म्हणून ते ऑपरेशनच्या २४ तास आधी थांबवण्याकडे माझा कल असतो. २०२४ साली आलेल्या एका अभ्यासात ते चालू ठेवलं तरी अंतिम परिणाम तोच निघाला, बीपी उतरण्याचं प्रमाण मात्र चालू ठेवलेल्यांत जास्त होतं. मेटोप्रोलॉल मात्र बंद करायचं नाही. ‘बीपीची गोळी सकाळी घेऊ नका’ एवढंच सांगितलं तर वडील दोन्ही औषधं सोडतील. म्हणून त्या दोन दिवसांसाठी मेटोप्रोलॉलची वेगळी गोळी लिहून घ्यावी लागते. अशीच गफलत त्या कॅप्सूलची होते ज्यात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध (स्टॅटिन) तिन्ही असतात. ‘रक्त पातळ करणारी बंद करा’ म्हटलं की घरचे अख्खी कॅप्सूल बंद करतात. मग चालू ठेवायचं ॲस्पिरिनही जातं आणि स्टॅटिनही जातं. वडिलांची ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर ही रक्त पातळ करणारी दोन औषधं वेगवेगळी आहेत, ते सोयीचं आहे. वर्ष पुरं झाल्यावर हृदयाचे डॉक्टर टिकाग्रेलॉर एरवीही बंद करण्याचा विचार करतील. ते चालूच असेल तर ऑपरेशनच्या तीन ते पाच दिवस आधी थांबवायचं, आणि तेही हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. ॲस्पिरिन आणि रोसुव्हास्टॅटिन ऑपरेशनच्या दिवशीही चालू.

डापाग्लिफ्लोझिन ही साखरेची आणि हृदयाची गोळी ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करायची. उपाशी पोटी ती शरीरात आम्ल वाढवते, आणि साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे ते पटकन लक्षात येत नाही. हीही अनेकदा मेटफॉर्मिनसोबत एका गोळीत असते. त्यामुळे दाखल होताना नावांची चिठ्ठी नको, गोळ्यांची अख्खी पिशवी पाकिटांसकट आणा. मी प्रत्येकाला हेच सांगतो.

गुडघ्यासाठी वडील अधूनमधून डायक्लोफेनॅक घेतात, ते मात्र आजच बंद करा. झटका आलेल्या माणसाला ते औषध चांगलं नाही. झटक्याचा धोका वाढवतं, मूत्रपिंडालाही त्रास देतं. पॅरासिटामॉल घ्या, शेक द्या, बागेत काठी वापरा.

धोका मापायचा कसा? साध्या माणसाला मी विचारतो, बंदरावरून घाटी चढून न थांबता घरी येता का? दोन जिने न थांबता चढू शकणाऱ्या माणसाचं हृदय बहुतेक ऑपरेशनं सोसतं. पण ज्याचे गुडघेच गेले आहेत त्याला दम गुडघ्यामुळे लागतो की हृदयामुळे, हे त्यावरून कळत नाही. अशा वेळी एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची तपासणी उपयोगी पडते. ती ३०० च्या खाली आली तर मी बराच निश्चिंत होतो. वर आली तर ऑपरेशनच्या आधी एक आणि नंतर दोन-तीन दिवस रोज एक ट्रोपोनिन करतो. आधीचं केलेलं असेल तरच नंतरचं वाढलं की आधीपासून तसंच होतं, हे कळतं. आईच्या बाबतीत आधीचं नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांची अडचण झाली असणार. आणि तपासणी प्रयोगशाळेतली, आकडा देणारी हवी. नुसती ‘आहे-नाही’ सांगणारी पट्टी या कामाला तोकडी पडते.

‘एकदा अँजिओग्राफी करून घेऊ, अडथळा असेल तर स्टेंट टाकून मग गुडघा करू’ असा विचार तुमच्या धाकट्या भावाने मांडला आहे. वरवर शहाणपणाचा वाटतो. २००४ साली अमेरिकेत ५१० रुग्णांवर नेमकं हेच तपासलं गेलं. त्यांची ऑपरेशनं गुडघ्यापेक्षा कितीतरी मोठी, मुख्य रक्तवाहिन्यांची होती. आधी बायपास किंवा स्टेंट करून काही फायदा झाला नाही, ऑपरेशन मात्र लांबलं. हृदयाला स्वतःच्या कारणाने उपचार हवा असेल तर तो करावाच. केवळ गुडघ्याला परवानगी मिळावी म्हणून स्टेंट टाकला तर आणखी कित्येक महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत अडकाल.

हिमोग्लोबिन आत्ताच तपासा. पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर कारण शोधून ते वाढवायला जूनपर्यंत भरपूर वेळ आहे. या तयारीला ना मोठं शहर लागतं ना मोठं यंत्र. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देतात, ते वडिलांना देता येईल का हे तिथल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. तंबाखू वडील खात नाहीत म्हणता. आई मिश्री लावते का? बायका हे डॉक्टरांना सांगत नाहीत आणि ऑपरेशननंतर तलफेने अस्वस्थ होतात. निकोटिनने नाडी वाढते, वाहिन्या आकसतात. लाज न बाळगता सांगावं.

रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही, हा जुना दंडकही तपासून घ्या. जेवण सहा तास आधी थांबवायचं, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत बहुतेकांना चालतं. दुपारी बाराच्या ऑपरेशनसाठी पहाटेपासून कोरड्या तोंडाने बसवलेला म्हातारा माणूस आणि सकाळी नऊला पेलाभर पाणी प्यायलेला माणूस यांच्या बीपीतला फरक मला टेबलावर दिसतो.

ऑपरेशननंतरच्या रात्री तुमच्यापैकी जो जागा असेल त्याने काय बघायचं तेही सांगतो. नाडी १०० च्या वर टिकून राहिली, वरचं बीपी १०० च्या खाली गेलं, लघवीची पिशवी चार-पाच तास भरलीच नाही, माणूस एकाएकी बरळू लागला, बोलताना धापा टाकू लागला, अंगाला गार घाम आला, तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका, सिस्टरला उठवा. थिएटरमधून आल्यावर हुडहुडी भरली असेल तर लगेच पांघरूण मागा. थंडीने कापणारं शरीर कितीतरी जास्त ऑक्सिजन खातं. दुखणं सोसू देऊ नका. कोकणातली जुनी माणसं सोसण्यात मोठेपणा मानतात आणि विचारलं तर “बरा आसा” म्हणतात. चेहरा बघा, मुठी बघा. मांडीत सुई देऊन नस बधिर करता येते, त्याने अफूजन्य औषधं कमी लागतात, माणूस जागा राहतो आणि दुसऱ्या दिवशी उभा राहतो.

आता आईचं. त्यांना झालेली इजा भरून निघण्यासारखी एक गोळी नाही, पण पुढचा झटका टाळण्यासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे. पुढच्या तपासणीला फिजिशियनकडे ट्रोपोनिनचे सगळे आकडे, ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा ईसीजी आणि हिमोग्लोबिन घेऊन जा. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन सुरू आहेत का ते बघा. अस्थिरोगाच्या वॉर्डातून घरी सोडताना ही दोन औषधं कागदावर यायची राहून जातात, असं मी वारंवार बघितलं आहे. २०१८ साली अशाच इजा झालेल्या १,७५४ रुग्णांना डॅबिगॅट्रान हे रक्त पातळ करणारं औषध देऊन पाहिलं. झटका, पक्षाघात, गुठळी अशा रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना १५ वरून ११ टक्क्यांवर आल्या. पण ७४ वर्षांच्या, नुकतंच हाड बसवलेल्या, क्रिएटिनिन वाढलेल्या बाईला ते द्यायचं की नाही, हा तोलून-मापून घ्यायचा निर्णय आहे. मी तिथे नसताना त्यावर बोलणार नाही, त्यांच्या फिजिशियनला विचारा. छातीत दुखत नसेल, ईसीजी बदललेला नसेल, तर घाईने अँजिओग्राफीची गरज बहुधा नसते.

हिमोग्लोबिन ८.९ आहे, म्हणता. एरवी खुब्याच्या रुग्णांत ८ च्या वर असेल आणि त्रास नसेल तर मी रक्त देत नाही. त्याला २०११ सालच्या २,००० रुग्णांच्या अभ्यासाचा आधार आहे. हृदयाला इजा झालेल्या माणसात मात्र मला १० च्या आसपास असलेलं बरं वाटतं. २०२३ साली झटका आलेल्या ॲनिमियाच्या ३,५०४ रुग्णांवर जो अभ्यास झाला त्यात फरक ठाम सिद्ध झाला नाही, पण कल त्या बाजूचा होता. आई आता घरी चालती-फिरती आहे, त्यामुळे रक्ताची बाटली लावण्यापेक्षा लोहाची तपासणी करून, लागलं तर शिरेतून लोह देणं मला सयुक्तिक वाटतं. महिन्याने पुन्हा हिमोग्लोबिन करा आणि तो आकडा मला कळवा. वडिलांच्या हृदयाच्या डॉक्टरांची जूनबद्दलची मान्यता आधी घ्या, मग गुडघ्याची तारीख ठरवा.